चिनी माणसाचं ‘हो’ म्हणजे ‘हो’च असतं का? डायरेक्ट माल मागवण्याआधी हे वाचा



इम्पोर्टवरचा व्हिडिओ टाकला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, चीनमधून डायरेक्ट मागवलं तर भाव किती पाडून मिळतो?’ दुसराही ठरलेला : ‘ते लोक फसवत तर नाहीत ना?’ या दोन प्रश्नांच्या मधे एक तिसरा प्रश्न आहे, तो मात्र कोणीच विचारत नाही. ते लोक बोलतात कसे? नाही म्हणायचं असेल तेव्हा काय म्हणतात? त्यांना कशाचा अपमान वाटतो? त्यांच्याकडे काय शुभ, काय अशुभ?

माझं मत आधीच सांगून टाकतो. भाव पाडायला शिकण्याआधी समोरचा माणूस वाचायला शिका. फसवणारे तिकडेही आहेत, इकडेही आहेत. पण दुकान चालवताना आणि बॅच घेताना मी जे पाहिलं, त्यात छोट्या उद्योजकाचे पैसे फसवणुकीपेक्षा गैरसमजात जास्त गेलेत. मोठ्या कंपनीकडे दुभाषा असतो, तिकडे ऑफिस असतं, वकील असतो. आपल्याकडे काय असतं? एक मोबाईल, त्यातलं भाषांतराचं ॲप, आणि घरातून जमवलेले चाळीस-पन्नास हजार. म्हणून शिकायची गरज मोठ्या कंपनीपेक्षा आपल्याला जास्त.

आणि घाबरू नका. एक चिनी शब्द तुम्ही रोज सकाळी उठल्या उठल्या बोलता : चहा. चीनच्या बऱ्याच भागात त्याला ‘छा’ म्हणतात. फूच्येन प्रांताच्या किनाऱ्यावरच्या बोलीत ‘ते’ म्हणतात, तिथून डच व्यापाऱ्यांच्या जहाजातून युरोपात गेलेल्या त्या शब्दाचा इंग्रजीत ‘टी’ झाला. माल जसा प्रवास करतो, तसा शब्दही करतो. लिचीसुद्धा तिकडूनच आलेली.

समोर कोण बसलंय?

शांघायच्या दक्षिणेला झेजियांग प्रांतात यीवू नावाचं शहर आहे. छोट्या वस्तूंच्या घाऊक व्यापाराची जगातली सगळ्यात मोठी बाजारपेठ म्हणून ते ओळखलं जातं. सुमारे ७५,००० गाळे. पुण्याची बोहरी आळी किंवा मुंबईची अब्दुल रहमान स्ट्रीट डोळ्यांसमोर आणा, आणि तसं एकाच छताखाली मजल्यांवर मजले चढवत न्या. एका रांगेत नुसती खेळणी, एका रांगेत नुसत्या हेअर क्लिपा, एका रांगेत नुसती प्लॅस्टिकची फुलं. तुमच्या गावच्या जत्रेत दहा रुपयांना मिळणारी वस्तू कधी ना कधी तिथून गेलेली असते.

पण हे शहर काही पहिल्यापासून असं नव्हतं. जमीन कमी, पीक बेताचं. म्हणून तिथले शेतकरी थंडीच्या दिवसांत खांद्यावर कावड घेऊन, हातातलं डुगडुगीसारखं छोटं ढोलकं वाजवत गावोगाव फिरायचे. गुळाच्या वड्या द्यायच्या आणि बदल्यात कोंबडीची पिसं घ्यायची. चांगल्या पिसांचे झटकणे करायचे, उरलेल्याचं शेताला खत. वाचताना कोण आठवलं? आपली बोहारीण! जुने कपडे घेऊन भांडी देणारी. धंद्याचं गणित तेच : समोरच्याला नको असलेल्या वस्तूची आपल्याकडे किंमत करायची.

खासगी व्यापाराकडे तेव्हा गुन्हा म्हणूनच बघितलं जायचं. १९८२ साली यीवूमधले पक्षाचे सचिव श्ये गाओहुआ यांनी स्वतःच्या जबाबदारीवर या फिरत्या विक्रेत्यांना बाजार भरवायची परवानगी दिली. आजचं एवढं मोठं मार्केट त्या रस्त्यावरच्या बाजारातून उभं राहिलं.

ही गोष्ट मी बॅचमध्ये मुद्दाम सांगतो. कारण आपण ‘चीन’ म्हटलं की डोळ्यांसमोर सरकार, सैन्य, प्रचंड कारखाना आणतो. गाळ्यात मात्र तुमच्यासमोर एक बाई बसलेली असते. मुलाला बाजूला अभ्यासाला बसवलंय, डब्यातलं जेवण चाललंय, आणि एका हाताने कॅल्क्युलेटर दाबतेय. ती दुकानदार आहे, तुमच्यासारखीच. तिला मार्जिन कळतं, रोखीची चणचण कळते, आणि चार चौकशा करून न घेता जाणारं गिऱ्हाईकही कळतं. मालकाला तिथे ‘लाओबान’ म्हणतात, मालकीणबाईंना ‘लाओबान-न्यांग’. आपण ‘शेठ’, ‘वहिनी’ म्हणतो तसंच समजा. या एका हाकेने बोलण्याचा सूर बदलतो.

‘माय’ आणि ‘माय’

चिनी भाषेत तोच उच्चार वेगवेगळ्या सुरात म्हटला की अर्थ बदलतो. प्रमाण चिनीत असे चार सूर आहेत, शिवाय एक हलका सूर. आपल्या धंद्याचंच उदाहरण घ्या. ‘माय’ म्हणजे विकत घेणे, आणि ‘माय’ म्हणजे विकणे! फरक फक्त सुराचा. आपण आश्चर्याने ‘अस्सं?’ म्हणताना आवाज खाली नेऊन वर आणतो, त्या सुरात म्हटलं तर ‘घेणे’. ‘गप!’ म्हणताना आवाज वरून धाडकन खाली येतो, त्या सुरात म्हटलं तर ‘विकणे’. लिहितानाही गंमत आहे. ‘विकणे’ या अक्षराच्या डोक्यावर एक छोटी अधिकची फुली असते, खालचं अक्षर ‘घेणे’चंच. आणि दोन्ही जोडून ‘माय-माय’ म्हटलं की झाला व्यापार. घेणं आणि विकणं मिळून एक शब्द. बीबीएच्या पहिल्या वर्षाला ट्रेडची व्याख्या पाठ केली होती, ती इतकी सोपी नव्हती.

काही गोष्टी तर मराठी माणसाला फुकटात मिळतात. आपण ‘माल आहे का?’ विचारतो. वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की प्रश्न. चिनीत शेवटी ‘मा’ लावतात. ‘यो हुओ मा?’ म्हणजे ‘माल आहे का?’ उत्तरही आपल्यासारखंच. आपण ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणतो, ते ‘यो’ किंवा ‘मेई यो’ म्हणतात. जुनी माणसं भेटल्यावर ‘जेवलात का?’ विचारतात, तेही आपल्यासारखंच. खरंच जेवायला बोलवत नसतात, चौकशी करत असतात. तुम्ही ‘तुमचा माल छान आहे’ म्हणालात तर वयस्कर मालक म्हणेल ‘नाली, नाली’. गटाराशी काही संबंध नाही! शब्दशः अर्थ ‘कुठे, कुठे’. आपण नाही का, कौतुक झालं की ‘छे, कुठलं हो!’ म्हणतो?

संपूर्ण भाषा शिका असं मी म्हणत नाही, त्याला वर्षं लागतात. पण वीस शब्द आणि एक ते दहा आकडे आठ दिवसांत होतात. यीवूत कामापुरती अरबी, स्पॅनिश, हिंदी बोलणारे गाळेवाले भेटतात. गिऱ्हाइकासाठी ते एवढं करतात, तर माल घेणाऱ्याने वीस शब्द शिकायला हरकत काय?

आकड्यांत घसरू नका

दुकानदार भाषेत नाही फसला तर आकड्यात फसतो. ही पाच ठिकाणं वहीत लिहून ठेवा.

एक, डिस्काउंटची पाटी. तिथे ८ आकडा आणि पुढे सवलतीचं अक्षर दिसलं की ८० टक्के सूट समजून उड्या मारू नका. त्याचा अर्थ दहापैकी आठ भाग द्या, म्हणजे सूट २० टक्के. आपण किती सोडले ते सांगतो, ते किती द्यायचे ते सांगतात. उरलेला आकडा जितका लहान, तितकी सूट मोठी.

दोन, वजन. ‘जिन’ हे तिथलं रोजचं माप. एक जिन म्हणजे ५०० ग्रॅम. चहा, सुकामेवा, फळं यांचा भाव कोणी सांगितला तर किलोचा की जिनचा हे आधी विचारा. भाव अर्धा वाटला आणि निघाला दुप्पट, असं व्हायला नको.

तीन, मोठे आकडे. आपली उडी हजार, लाख, कोटी. त्यांची उडी दहा हजारांची, त्याला ‘वान’ म्हणतात. आपला एक लाख म्हणजे त्यांचे दहा वान, एक कोटी म्हणजे हजार वान. त्यांच्या डोक्यात वान, तुमच्या डोक्यात लाख, आणि मधे दोघांचं तोडकंमोडकं इंग्रजी. एखादं शून्य सहज इकडचं तिकडे होतं. म्हणून मोठा आकडा तोंडी ठरवायचाच नाही, कॅल्क्युलेटरवर टाइप करून दाखवायचा.

चार, बोटं. ते एकाच हातावर दहापर्यंत मोजतात. अंगठा आणि करंगळी उघडी म्हणजे ६. अंगठा आणि तर्जनी उघडी म्हणजे बहुतेक ठिकाणी ८. आपल्याला दोन बोटं दिसतात, आपण २ समजून खूश होतो!

पाच, तारीख. ते आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितात. ०३-०४ लिहिलं तर तुमच्यासाठी ३ एप्रिल, त्यांच्यासाठी ४ मार्च. महिन्याचं नाव अक्षरांत लिहायची सवय लावा.

आणखी एक गोष्ट तारखेशीच जोडलेली. चिनीत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. ‘पाठवलं’, ‘पाठवतोय’, ‘पाठवीन’ हे आजूबाजूच्या शब्दांवरून समजून घ्यायचं असतं. तेच डोकं इंग्रजीत मेसेज लिहितं, तेव्हा ‘वुई सेंड गुड्स’ येतं. माल गेला की जाणार आहे? तुम्ही ‘गेला’ समजता आणि गिऱ्हाइकाला शब्द देऊन बसता. म्हणून पुढचा प्रश्न ठरलेला हवा : कुठल्या तारखेला, आणि ट्रॅकिंग नंबर काय?

‘मेई वन्थी’ आणि आपलं ‘होऊन जाईल’

आता मुख्य मुद्दा. चीनशी व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाला दोन शब्द ऐकू येतात. पहिला ‘मेई वन्थी’, म्हणजे काही प्रॉब्लेम नाही. दुसरा ‘छाबुदुओ’, म्हणजे फार फरक नाही, जवळपास तेच.

‘मेई वन्थी’ ऐकून आपल्याला वाटतं, झालं काम पक्कं. बोलणाऱ्याच्या मनात मात्र अनेकदा एवढंच असतं की तुमचं म्हणणं ऐकलं, तुम्हाला नाराज करायचं नाही, प्रयत्न करतो. यात खोटेपणा आहे का? आपल्याकडचं बघा. सुताराला विचारलं, ‘शनिवारपर्यंत रॅक होईल का?’ तो म्हणतो, ‘होऊन जाईल, टेन्शन घेऊ नका.’ तुम्ही शनिवारी उद्घाटन ठेवता का? नाही. कारण आपल्या भाषेतलं ‘होऊन जाईल’ आपल्याला कळतं.

नकाराचंही तसंच. तोंडावर ‘नाही’ म्हणणं तिथे असभ्य वाटतं. मग ते ‘काओ-ल्यु’ म्हणजे ‘विचार करतो’ असं म्हणतात, किंवा ‘बू फांग-ब्येन’ म्हणजे ‘जरा गैरसोयीचं आहे’ असं सांगतात. तुमच्या काउंटरवरचं गिऱ्हाईक ‘एक राउंड मारून येतो’ म्हणतं, तेव्हा तुम्ही त्याची वाट बघत बसता का? मराठीतले असे नकार आपण आईच्या दुधाबरोबर शिकलोय. चिनीतले शिकायला पाहिजेत, एवढंच.

‘छाबुदुओ’बद्दल चिनी लोक स्वतःच स्वतःची थट्टा करतात. हू श नावाच्या मोठ्या विचारवंताने सुमारे शंभर वर्षांपूर्वी ‘छाबुदुओ’ याच नावाच्या गृहस्थाची एक उपहासाची गोष्ट लिहिली. या गृहस्थांना सगळंच जवळपास सारखं वाटतं. दोन मिनिटं उशिरा पोचले म्हणून गाडी चुकते. आजारी पडतात तेव्हा घरचे जवळपास त्याच आडनावाच्या जनावरांच्या डॉक्टरला घेऊन येतात, आणि हे म्हणतात चालेल. शेवटी मरताना त्यांना जगणं-मरणंही जवळपास सारखंच वाटतं. आपल्याकडच्या ‘चालतंय की’वर कोणी अशी गोष्ट लिहिली तर ती घरोघरी वाचली जाईल!

पण इथे थांबून ‘म्हणून चिनी माल बेकार’ असं म्हणू नका. त्याच देशात तासाला तीनशे किलोमीटरने रेल्वे धावते, आयफोनही तिथे जोडला जातो. अचूकता त्यांना येते. ती मागावी लागते, लिहून द्यावी लागते आणि तिचे पैसे मोजावे लागतात. एकाच दिसणाऱ्या वस्तूच्या तिथे तीन क्वालिटी असतात. आपण विचारतो ‘सगळ्यात स्वस्त कुठली?’ आणि माल आल्यावर म्हणतो ‘चायनाचा माल!’ मागणी आपणच केलेली असते.

‘म्येन्झ’ : तोंड दाखवायला जागा

‘म्येन्झ’ म्हणजे शब्दशः चेहरा, तोंड. अर्थ अब्रू, चारचौघांतला मान. मराठी माणसाला हे समजवायला भाषण नको. ‘नाक कापलं’, ‘तोंड दाखवायला जागा राहिली नाही’, हे आपलेच शब्द. तरी मेसेजवर भांडताना आपण हे विसरतो.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण सांगतो. संक्रांतीच्या वाणासाठी त्यांनी ६०० छोट्या डब्या मागवल्या. सॅम्पलचा फोटो मरून. ‘सेम कलर ना?’ विचारलं, उत्तर आलं ‘मेई वन्थी, छाबुदुओ’. डब्या आल्या लालभडक. ताई संतापल्या, आणि त्यात चूक काही नाही, पैसे त्यांचे होते. पण त्यांनी सेल्सवाल्या मुलीला तिच्या मॅनेजरसमोर, सगळे असलेल्या ग्रुपवर ‘तुम्ही चीटर आहात’ असं लिहिलं. नऊ दिवस उत्तरच आलं नाही.

मग आम्ही एकत्र बसून दुसरा मेसेज लिहिला, फक्त त्या मुलीला. सॅम्पल आणि आलेली डबी शेजारी-शेजारी ठेवून फोटो. खाली एवढंच : ‘दोन्ही रंगांत फरक दिसतोय. आमचं गिऱ्हाईक मरूनच मागतं. पुढची ऑर्डरही तुमच्याकडेच द्यायची आहे. यातून मार्ग कसा काढू या?’ दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. सगळे पैसे परत मिळाले असं नाही. पुढच्या ऑर्डरमध्ये भाव कमी करून मिळाला. लाल डब्या नंतर लग्नसराईत खपल्या, पण संक्रांतीचा सीझन गेला तो गेलाच.

यातून दोन गोष्टी घ्या. तक्रार करायचीच, पण एकट्यात, पुराव्यानिशी आणि समोरच्याला मागे यायला वाट ठेवून. आणि दुसरी त्याहून महत्त्वाची : ‘सेम ना?’ असा हो-नाहीचा प्रश्न विचारायचाच नाही. ‘रंगाचा पँटोन नंबर काय? झाकणाची जाडी किती मिलीमीटर? आज माल कुठल्या स्टेजला आहे, फोटो पाठवा,’ असं विचारायचं. ज्या प्रश्नाचं उत्तर ‘मेई वन्थी’ होऊच शकत नाही, तो प्रश्न चांगला.

हे सगळं लेखी ठेवा, शक्यतो ई-मेलवर. वीचॅट आपल्याकडे जून २०२० पासून बंद आहे आणि व्हॉट्सअ‍ॅप चीनमध्ये अडवलेलं आहे, त्यामुळे चॅटवर विसंबून राहण्यात तसाही अर्थ नाही.

भेटवस्तू, आहेर आणि ताट

कधी ना कधी तिकडे जायचा योग येईल. पाच वर्षांहून जास्त काळ बंद असलेली थेट विमानं ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाली आहेत. ग्वांगझोऊचा कँटन फेअर १९५७ पासून भरतोय, आता वर्षातून दोनदा असतो, एकदा वसंतात आणि एकदा शरद ऋतूत. जाताना सप्लायरसाठी काय नेणार? आपल्याकडे कंपनीचं नाव छापलेलं भिंतीवरचं घड्याळ म्हणजे हमखास गिफ्ट. तिथे तेच नको. ‘घड्याळ भेट देणे’ याचा उच्चार ‘शेवटच्या वेळी निरोपाला हजर राहणे’ यासारखा होतो. छत्रीही नको, तिचा उच्चार ‘पांगणे’ या शब्दाशी जुळतो. जाहिरातीच्या हिरव्या टोप्या तर चुकूनही नको, कारण पुरुषाने हिरवी टोपी घालणं म्हणजे बायकोने त्याला फसवलं असं तिथे म्हणतात!

आहेराचा आकडा आपल्या अगदी उलटा. आपण १०१, ५०१ देतो, वरचा एक रुपया शुभ. तिथे लग्नात जोडीचा, म्हणजे सम आकडा शुभ. ६००, ८०० चालेल. विषम रक्कम अंत्यविधीच्या वेळी देतात. ४ मात्र सम असूनही टाळतात, कारण त्याचा उच्चार ‘मृत्यू’सारखा. बऱ्याच इमारतींत चौथा मजलाच नसतो. आठ सगळ्यात लाडका, कारण तो ‘भरभराट’ या शब्दाच्या जवळ जातो. बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन ८-८-२००८ ला रात्री ८ वाजता सुरू झालं, ते उगाच नाही. तुमच्या कोटेशनमध्ये ४४४ ऐवजी ४३८ आलं तर बिघडतं काय?

भेट दिली की ते ‘नको नको’ म्हणतील, दोन-तीनदा म्हणतील. पुन्हा आग्रह करा. आपल्या घरी येणारा पाहुणा पहिल्या फटक्यात ‘द्या’ म्हणतो का? घेतल्यावर तुमच्यासमोर उघडणार नाहीत, तोही अपमान नाही. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्या-घ्या. जेवताना भातात काड्या उभ्या खोचू नका, ते मृतासाठी लावलेल्या उदबत्त्यांसारखं दिसतं.

शाकाहारी असाल, माळकरी असाल, तर लाजू नका. ‘वो छ्र सू’ म्हणजे मी शाकाहारी आहे. तरी मटणाचा रस्सा घातलेली भाजी येऊ शकते, म्हणून ‘मांस नको, मासे नकोत, अंडं नको’ असं मोबाईलवर चिनीत लिहून दाखवा. दारूचा आग्रह झाला तर चहाचा कप उचला. ‘दारूऐवजी चहा’ असा त्यांच्यातच एक रूढ वाक्प्रचार आहे. फक्त कप टेकवताना आपल्या कपाची कड वडीलधाऱ्याच्या कपापेक्षा थोडी खाली ठेवा. तेवढ्याने मान दिला जातो.

एक सावधगिरी. हे सगळे नियम पंचविशीतल्या सेल्सवाल्या मुलीला लागू होतीलच असं नाही. तिला घड्याळ दिलं तर ती हसेलही. चीन केवढा मोठा देश आहे, प्रांताप्रांतात बोली आणि रीत बदलते. नागपूरच्या माणसाला कोकणातल्या रीतीने तोलाल का? नियम माहीत असावेत, पण माणूस बघून वापरावेत.

त्यांचं पंचांग भिंतीवर लावा

धंद्याला सगळ्यात महाग पडणारं अज्ञान म्हणजे त्यांच्या सणांचं. त्यांचं पारंपरिक पंचांग आपल्यासारखंच चंद्रावर चालतं आणि सूर्याशी मेळ घालायला अधिक महिना धरतं. २०२३ साली आपल्याकडे अधिक श्रावण होता, त्यांच्याकडे दुसरा महिना दोनदा आला. २०२५ मध्ये तर आपली कोजागरी आणि त्यांचा मध्य-शरद सण एकाच दिवशी, ६ ऑक्टोबरला आले. आपण चांदण्यात मसाला दूध प्यायलो, त्यांनी मूनकेक खाल्ले.

पण लक्षात ठेवायचा सण म्हणजे नववर्ष, वसंतोत्सव. तो साधारण २१ जानेवारीपासून २० फेब्रुवारीपर्यंत कधीही येतो. २०२५ ला २९ जानेवारीला होता, २०२६ ला १७ फेब्रुवारीला, २०२७ ला ६ फेब्रुवारीला. सरकारी सुट्टी आठवडाभराची असली तरी कामगार शेकडो किलोमीटरवर गावी जातात, आणि कारखाने पूर्ण जोमाने चालू व्हायला तीन-चार आठवडे सहज जातात. गणपतीत कोकणातला माणूस मुंबईत सापडतो का? तसंच. सुट्टीच्या आधी सगळ्यांची घाई असते, तेव्हा क्वालिटीही घसरते. म्हणून गुढीपाडव्याचा, लग्नसराईचा माल हवा असेल तर ऑर्डर दिवाळी संपताच द्या. १ ऑक्टोबरपासूनची राष्ट्रीय दिनाची सुट्टीही विसरू नका, ती नेमकी आपल्या दिवाळीच्या तोंडावर येते.

‘पण सर, चीनच का?’

हा प्रश्न येणारच, आणि तो योग्य आहे. सीमेवर जे झालं ते आपण कोणी विसरलेलो नाही. चीनचा माल घ्यायचा की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय आहे, आणि कोणी इथे बनवून विकत असेल तर मी आधी त्याचं शटर उघडायला जाईन. पण इथे खेळणी बनवणाऱ्यालाही स्पर्धा यीवूशीच करायची आहे. ज्याच्याशी स्पर्धा करायची, तो कसा विचार करतो हे माहीत नसेल तर लढायचं कशाच्या जोरावर?

समजून घ्या म्हणजे डोळे झाकून विश्वास टाका, असंही मी म्हणत नाही. संस्कृती ही सबब होऊ शकत नाही. सॅम्पल सही करून एक आपल्याकडे, एक त्यांच्याकडे. सगळे पैसे आधी द्यायचे नाहीत. बाकी रक्कम माल तपासल्यावर. आयईसी नंबर काढल्याशिवाय आणि आपल्या वस्तूला बीआयएस लागतं का हे बघितल्याशिवाय ऑर्डर नाही. खेळण्यांना तर १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचंच आहे. कागद पक्का ठेवा आणि बोलणं मऊ ठेवा. दोन्ही एकाच वेळी जमतं.

आपल्याच मातीतलं एक नाव सांगतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. तिथली भाषा शिकले, त्याच भाषेत रुग्णांशी बोलले, तिथेच संसार केला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. जुन्या पिढीतले चिनी लोक आजही हे नाव आदराने घेतात. ते धंद्याला गेले नव्हते, त्यांची बरोबरी आपण करूच शकत नाही. पण युद्धाच्या धामधुमीत त्यांना भाषा शिकायला वेळ मिळाला, आणि आपल्याला चहा पिता पिता वीस शब्द शिकायला वेळ नाही, हे काही मला पटत नाही.

या आठवड्याचा होमवर्क

१. एक ते दहा आकडे, ‘माल आहे का’ आणि दोन्ही ‘माय’ सुरासकट पाठ करा. आरशासमोर मोठ्याने बोला, घरचे हसले तर हसू द्या.

२. तुमच्या शेवटच्या ऑर्डरचं चॅट उघडा. मग तो सप्लायर चीनचा असो की मस्जिद बंदरचा. त्यात ‘हो’, ‘होऊन जाईल’, ‘सेमच आहे’ ही उत्तरं किती आहेत ते मोजा. प्रत्येकाच्या जागी आकडा किंवा तारीख मागणारा प्रश्न लिहा.

३. दुकानातल्या कॅलेंडरवर पुढच्या चिनी नववर्षाची तारीख लाल पेनाने गोल करा आणि तिथून मागे तीन महिने मोजा. ती तुमची ऑर्डरची शेवटची तारीख.

पुढच्या व्हिडिओत तीन गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवणार आहे : पँटोन नंबर कसा बघायचा, सॅम्पलवर सही कशी घ्यायची आणि ई-मेल कसा लिहायचा. दोन क्रमांकाचा होमवर्क झालेला असेल तर तो व्हिडिओ दुप्पट कामाचा ठरेल. वही घेऊन बसा, भेटू या!